दूधगंगेचे पाणी आणि दोन समुद्र

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात पहाराद सुत्त या नावाचे एक सुत्त आहे. पहाराद नावाचा असुर वेरंजा येथे भगवान बुद्धांच्या भेटीस येतो आणि महासागराचे आठ आश्चर्यकारक गुण सांगतो, असा त्यात प्रसंग आहे. महासागर क्रमाक्रमाने खोल होत जातो. तो आपली मर्यादा ओलांडीत नाही. तो प्रेत पोटात ठेवून घेत नाही, किनाऱ्यावर आणून टाकतो. नद्या त्यास मिळाल्या की आपली पूर्वीची नावे टाकतात. कितीही पाणी आले तरी तो भरलेला किंवा उणा झालेला दिसत नाही. त्याचा रस एकच, खारट. त्यात अनेक रत्ने आहेत आणि तो मोठमोठ्या प्राण्यांचे निवासस्थान आहे. भगवान बुद्धांनी याच आठ गुणांशी आपल्या धम्मविनयाची तुलना केली. नद्या जशा सागरात आपली नावे टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपली पूर्वीची नावे व गोत्रे टाकतात, हा या तुलनेचा गाभा होय. परमपूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात नद्या व सागर यांचा हाच दाखला दिला होता, हे वाचकांस ठाऊक आहेच.

समतेचा हा दाखला तेव्हा जितका खरा होता तितकाच आजही खरा आहे. परंतु ज्या महासागराच्या आधाराने तो दिला गेला, त्या प्रत्यक्ष महासागराची अवस्था आज कशी आहे, याचाही विचार करणे अगत्याचे आहे. सुत्तातील सागर मर्यादा ओलांडीत नाही. आजचा सागर वर चढू लागला आहे. सुत्तातील सागर प्राण्यांचे निवासस्थान आहे. आजच्या सागराच्या काही भागांत प्राण्यांना श्वास घेण्यापुरता प्राणवायूही उरत नाही. हे मानवाच्या कृतीमुळे घडते आहे. नदीचे नाव सागरात नाहीसे होते, पण नदीने वाहून नेलेले ओझे नाहीसे होत नाही. या एका गोष्टीचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण म्हणून घेतले आहे ते समुद्रकाठचे बंदर नव्हे, तर समुद्रापासून दूर असलेले कागल.

दोन समुद्रांमधील गाव

कागलचे नाव आपणांस अपरिचित नाही. २१ व २२ मार्च १९२० रोजी ज्या माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली आणि जेथे राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली, ते माणगाव तेव्हा कागल जहागिरीत मोडत असे. आजचे कागल हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते दूधगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. तालुक्यातून वेदगंगा व चिकोत्रा याही नद्या वाहतात. चिकोत्रा वेदगंगेस मिळते, वेदगंगा दूधगंगेस मिळते आणि दूधगंगा पुढे कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात कृष्णेस मिळते. तेथे तिचे नाव संपते.

भूगोलाच्या दृष्टीने कागलची स्थिती मोठी लक्षणीय आहे. पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर अरबी समुद्र आहे. कागलच्या शेतात पडणारा पाऊस मुख्यतः त्या समुद्राकडून येतो. परंतु सह्याद्री मध्ये उभा असल्यामुळे हे पाणी त्या समुद्रास परत मिळत नाही. ते पूर्वेकडे वळते, कृष्णेतून सुमारे हजार किलोमीटर वाहते आणि आंध्र प्रदेशात हंसलदीवी या गावाजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणजे कागलकर पाणी घेतो एका समुद्राकडून आणि देतो दुसऱ्या समुद्रास. यांपैकी एकही समुद्र त्याच्या दृष्टीस पडत नाही. आणि जे दृष्टीस पडत नाही त्याची जबाबदारीही वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

समुद्र तापतो म्हणजे काय होते?

कोळसा, पेट्रोल, डिझेल ही इंधने जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ येथे त्याचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हा वायू पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवून धरतो. वाचकांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अशा रीतीने अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे. जमिनीवर आपणांस जी उष्णता जाणवते तो केवळ उरलेला अल्प अंश होय.

महासागर उष्णतेबरोबर हा वायूही शोषून घेतो. आपण बाहेर सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश भाग समुद्राच्या पाण्यात विरघळतो आणि त्यातून आम्ल तयार होते. औद्योगिक युगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याची आम्लता सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आहे. समुद्राचे पाणी आजही आम्लारी म्हणजे अल्कलीयुक्तच आहे, परंतु त्याचा कल आम्लतेकडे होत आहे. शिंपले, कालवे व प्रवाळ यांना आपली कवचे वा सांगाडे बांधण्यासाठी जो चुना पाण्यातून घ्यावा लागतो, तो अशा पाण्यातून मिळणे कठीण जाते.

पाणी तापले म्हणजे ते प्रसरण पावते. शिवाय पर्वतांवरचा व ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळून समुद्रात येतो. या दोन कारणांनी १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची पातळी सरासरी वीस सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही स्थिर राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत ती वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास होती. २००६ ते २०१८ या काळात ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक झाली.

आपला हिंदी महासागर तर जागतिक सरासरीहून अधिक वेगाने तापला आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंश सेल्सिअसने वाढले. एक अंश ही वाढ ऐकावयास क्षुल्लक वाटते, परंतु हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. समुद्रावरून येणारे ढग पूर्वीपेक्षा जड होतात ते यामुळे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्वेपर्यंतच्या पट्ट्यात, विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्यामागे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट होते. याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटत गेला. पावसाचे दिवस कमी आणि पडेल तेव्हा भरमसाट, असा पावसाचा नवा स्वभाव बनत आहे. अरबी समुद्रातील चक्रीवादळेही गेल्या दोन दशकांत वाढली. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलेले तौक्ते चक्रीवादळ कोकणातील बागाईतदार व कोळी बांधव विसरलेले नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर पाहिले. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद पडला. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या उगमस्थानी महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. कोणताही एक पूर केवळ समुद्राच्या तापण्यामुळे आला असे म्हणणे शास्त्रास धरून होणार नाही. नदीपात्रातील भराव, पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामे आणि धरणांतून पाणी सोडण्याच्या वेळा हीही कारणे आहेत. अनेक हेतू व प्रत्यय एकत्र येऊन फळ निर्माण होते, हे बौद्ध अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. परंतु त्या अनेक कारणांत तापलेला समुद्र हे एक कारण आहे आणि ते दरवर्षी बळावत आहे, एवढे निश्चित.

दूधगंगा काय वाहून नेते?

आता दुसऱ्या समुद्राकडे वळू. कोल्हापूर जिल्ह्याची समृद्धी उसावर उभी आहे. ऊस हे भरपूर पाणी व भरपूर खत घेणारे पीक होय. शेतात टाकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारणतः निम्माच भाग पिकाच्या उपयोगी पडतो. उरलेल्यापैकी काही हवेत जातो. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवितो. काही भाग पाण्याबरोबर विहिरीत, ओढ्यात आणि तेथून नदीत उतरतो. त्यात गावोगावचे सांडपाणी, कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी आणि वस्त्रोद्योगाचे रंगीत पाणी मिसळते. शेजारच्या पंचगंगेवर पसरणारे केंदाळ आणि पाण्यावर तरंगणारे मेलेले मासे हे दृश्य या जिल्ह्यातील लोकांनी अनेकदा पाहिले आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली, तिने दूषित पाण्याची किंमत माणसांनाही मोजावयास लावली.

मासे का मरतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. दर वेळी विषच कारण असते असे नाही. पाण्यात नत्र व स्फुरद वाढले की शेवाळ माजते. शेवाळ मरून तळाशी जाते आणि कुजते. कुजविणारे सूक्ष्म जंतू पाण्यातील प्राणवायू वापरतात. मळी किंवा मैला पाण्यात आला तरी हीच क्रिया घडते. प्राणवायू संपला की मासा पाण्यात असूनही गुदमरतो. नदीच्या डोहात जे घडते तेच मोठ्या प्रमाणावर समुद्रात घडते. अशा प्राणवायूहीन पट्ट्यांना शास्त्रज्ञ मृतक्षेत्रे म्हणतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात किनारी समुद्रांत अशी चारशेहून अधिक क्षेत्रे नोंदली गेली. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचे क्षेत्र त्यांत प्रसिद्ध आहे. तेथील मक्याच्या शेतांतले खत शेकडो कोस दूर असलेल्या समुद्रातील कोळंबीचा श्वास कोंडते.

गोव्यातील दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००० मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायूची टंचाई तीव्र होत असल्याचे दाखवून दिले. बंगालच्या उपसागराची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे सुमारे शंभर मीटर खोलीच्या खाली पाण्याचा एक जाड थर असा आहे की त्यात प्राणवायूचा केवळ लवलेश उरला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने इशारा दिला की, नद्यांतून येणारी पोषकद्रव्ये आणखी वाढली तर हा लवलेशही संपू शकेल आणि सागरातील नत्राचे सारे चक्र बदलेल. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी आणि कृष्णा या नद्या ज्या उपसागरास मिळतात त्याची ही कथा आहे. कृष्णेच्या ओझ्यात दूधगंगेचाही वाटा आहे.

यावर कोणी म्हणेल की, वाटेत अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठमोठी धरणे आहेत, ती हे सारे अडवीत असतील. काही अंशी हे खरे आहे. परंतु धरणे खताबरोबर गाळही अडवितात आणि पाणीही अडवितात. या शतकाच्या आरंभीच्या दुष्काळी वर्षांत कृष्णेचे पाणी समुद्रापर्यंत जवळजवळ पोहोचलेच नाही. ज्या गाळावर कृष्णेचा त्रिभुज प्रदेश हजारो वर्षे वाढला, तो गाळ येईनासा झाल्यामुळे तेथील किनारा काही ठिकाणी झिजत आहे. वरून गाळ नाही, खालून समुद्र चढतो आहे आणि मध्ये धान्य पिकविणारा शेतकरी व मासे धरणारा मच्छीमार उभा आहे. म्हणजे जे समुद्रास हवे ते आपण अडविले आणि जे त्यास नको ते आपण सोडले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

निवासस्थान कोणाचे?

समुद्रातील जीवसृष्टीचा पाया वनस्पतिप्लवक नावाच्या अतिसूक्ष्म वनस्पती हा आहे. त्यांना खालच्या थंड थरातून येणारी पोषकद्रव्ये लागतात. वरचे पाणी तापले की ते हलके होऊन वरच राहते आणि दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. यामुळे पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत या प्लवकांचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे २०१६ मधील एका अभ्यासात आढळून आले. प्लवक घटले की त्यावर जगणारे लहान मासे आणि त्यांवर जगणारे मोठे मासे यांच्यावरही परिणाम होतो.

प्रवाळांची स्थिती तर अधिकच चिंताजनक आहे. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक काळ तापलेले राहिले की प्रवाळ आपल्या देहातील शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथ्या व्यापक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली; त्या वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही त्यातून सुटले नाहीत. सिंधुदुर्गात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आहे. तेथील प्रवाळांनाही तापलेल्या पाण्याची झळ बसली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात आणि ग्रामस्थ त्यांचे रक्षण करतात. अंड्यातून नर निघेल की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू तापली की माद्या अधिक आणि नर कमी होतात. अंडी राखणाऱ्या ग्रामस्थांचे श्रम थोर आहेत, पण वाळूचे तापमान त्यांच्या हाती नाही. ते ज्यांच्या हाती आहे त्यांत आपणही आहोत.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

हवामानाचा प्रश्न हा सर्व मानवजातीचा प्रश्न आहे असे म्हटले जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. एक अमेरिकन त्याच्या सुमारे सातपट. आणि भारतातही मोटारगाडीतून फिरणारा व उसाच्या फडात ऊसतोडणी करणारा यांचा वाटा सारखा नाही. पूर आला की मात्र हिशेब उलट होतो. आपल्या अनेक गावांत उंचवट्यावर कोण राहतो आणि ओढ्याकाठी, सखल जागी कोणाची वस्ती आहे, हे जातिव्यवस्थेने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. पिकाची नुकसानभरपाई ज्याच्या नावे सातबारा आहे त्यास मिळते. ज्याची मजुरी बुडाली त्या भूमिहीनाची नोंद कोठे होते? पूर ओसरल्यावर घराघरांतला चिखल व मेलेली जनावरे उचलण्याचे काम कोणाच्या वाट्यास येते, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. समुद्रकाठी हीच गोष्ट छोट्या होडीतील मच्छीमाराची आहे. मासे दूर गेले की मोठी यांत्रिक नौका त्यांच्या मागे जाऊ शकते. वल्ह्याची होडी जाऊ शकत नाही.

म्हणून पर्यावरणाचा प्रश्न हा सुखवस्तू लोकांच्या हौसेचा विषय आहे, आपला प्रश्न सामाजिक न्यायाचा आहे, असे जे आपल्यात कधी कधी बोलले जाते ते बरोबर नाही. चवदार तळ्याचा संग्राम पाण्यावरील समान हक्काचा होता. पाणी सर्वांना खुले झाले, परंतु ते पिण्यायोग्य राहिले नाही, तर त्या हक्काला अर्थ काय उरेल?

काय करता येईल?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाणी व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर व महानदी या नद्यांच्या योजनांची पायाभरणी त्या काळात झाली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत त्यांनी ओरिसातील नद्यांच्या बहुउद्देशीय विकासाची भूमिका मांडली. नदीचे संपूर्ण खोरे हा एकच घटक मानून, प्रांतांच्या सीमा बाजूस ठेवून विचार केला पाहिजे, हे त्या धोरणाचे सूत्र होते. आज त्या सूत्रात समुद्राचीही भर घालावी लागेल. खोरे नदीच्या मुखाशी संपत नाही.

विनयातही या विषयास लागू पडणारे नियम आहेत. निरोगी भिक्षूने पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा सेखिय नियम आहे. ज्या पाण्यात जीव आहेत ते जाणूनबुजून वापरू नये, असा पाचित्तिय नियम आहे. आपल्या कृतीचा परिणाम पाण्यातील जीवांवर आणि आपल्या मागून पाण्यावर येणाऱ्या माणसांवर होतो, ही जाणीव त्यांतून शिकता येते. जी गोष्ट एका भिक्षूस लागू ती शहरास व कारखान्यास का लागू नसावी?

कायद्याचा आधारही उपलब्ध आहे. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ पासून आहे. प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला. हे हक्क कागदावर राहू नयेत यासाठी विहार समित्यांनी ग्रामसभेत नदीच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागावा. तो न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. गावाचे सांडपाणी प्रक्रियेशिवाय नदीत जाते काय, कारखान्याचे पाणी कोठे सोडले जाते, पूररेषेत कोणाची वस्ती आहे व तिच्या सुरक्षित पुनर्वसनाची काय व्यवस्था आहे, हे प्रश्न विचारावेत. ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी माती तपासून, हप्त्याहप्त्याने खत द्यावे आणि उसाचे पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरावे. त्याने धूर टळतो, ओल टिकते आणि जमिनीचा कस वाढतो.

एवढ्याने समुद्र थंड होईल काय, असा प्रश्न कोणी विचारील. एकट्या कागलने होणार नाही, हे उघड आहे. कोळशाऐवजी सूर्य व वारा यांपासून वीज घेण्याचे निर्णय राष्ट्रांनीच घ्यावयाचे आहेत आणि ज्यांनी अधिक धूर केला त्यांनी अधिक भार उचलावयाचा आहे. परंतु माणसाने बिघडविलेले माणूस सुधारू शकतो, याचा पुरावा आहे. ओझोनच्या थराचा नाश करणाऱ्या रसायनांवर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे करार झाला, राष्ट्रांनी तो पाळला आणि तो थर हळूहळू भरून येत आहे. कारण दूर केले की फळ थांबते. दुःखाचे कारण आहे आणि म्हणून त्याचा निरोधही आहे, असे मानणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

दूधगंगा सागरास मिळून आपले नाव टाकते, हे तिच्या मोठेपणाचे लक्षण आहे. तिच्या पाण्यात आपण काय टाकतो, हे मात्र आपले लक्षण आहे. सागराचा रस एकच राहावा आणि तो सर्व जीवांचे निवासस्थान राहावा, याची थोडी जबाबदारी कागलच्या ओढ्यावरही येते.